इंजिनिअरिंग डिझाइन शाळेत आणताय, तर मार्क वहीला द्या

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

माध्यमिक शाळेत इंजिनिअरिंग डिझाइनची तोंडओळख करून देणारा विषय मी शिकवते. तो हवा की नको, यात आपला वेळ घेत नाही, हवाच. काळजी आहे ती तो तपासणार कसा याची. वर्षअखेरीला कॉम्प्युटरवर काढलेलं एक देखणं थ्रीडी मॉडेल, त्याला मार्क, झालं! तसं झालं तर मुलं एका सॉफ्टवेअरची बटणं तेवढी शिकतील.

वर्गात काय घडतं ते सांगते. एकच लाकडी ठोकळा सगळ्यांत फिरवायचा आणि व्हर्निअर कॅलिपरने, म्हणजे जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घेणाऱ्या साधनाने, त्याची रुंदी मोजायला लावायची. कुणी 24.92 मिलिमीटर लिहितं, कुणी 25.06. लगेच प्रश्न येतो, "बाई, बरोबर उत्तर कुठलं?" मग एकाने जबडे फार आवळले, दुसरीने कॅलिपर तिरका धरला, शिवाय ठोकळाच एका बाजूला किंचित जाड आहे, हे मुलंच हुडकून काढतात. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, हे त्यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही. पुढच्या तासाला समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन दृश्यं काढायची, आणि शेजाऱ्याने एक शब्दही न विचारता त्यावरून पुठ्ठ्याचा भाग बनवायचा. आतली कड दाखवणारी तुटक रेषा काढायची राहिली, की भोकच पडत नाही. भांडणं होतात. होऊ द्यावीत.

1981 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात टांगलेले पदपथ कोसळून 114 माणसं गेली. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा पदपथ छतापासून आलेल्या सलग सळ्यांवर टांगलेले होते. काम सोपं व्हावं म्हणून प्रत्येक सळीच्या दोन केल्या आणि खालचा पदपथ वरच्यालाच लटकला. वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला आणि तो बदल नीट तपासला गेला नाही. म्हणून माझा हट्ट मुलांनी डिझाइन करताना लिहायच्या वहीचा आहे: पानांना क्रमांक, तारीख, शाईचं पेन, एकही पान फाडायचं नाही, आणि प्रत्येक बदलाशेजारी त्याचं कारण.

माझं मागणं असं, की निम्मे मार्क या वहीला ठेवावेत. पहिल्या सत्रात कॉम्प्युटर नसला तरी चालेल. कॅलिपर, पुठ्ठा आणि उघडून पाहायला जुनी स्टेपलरं मात्र हवीत. आपले अधिकारी म्हणतील, वही काय, आदल्या रात्रीही लिहून काढता येते. येते. त्यावर उपाय साधा आहे. परीक्षकाने मधलंच एखादं पान उघडावं आणि विचारावं, "हे माप इथे का बदललंस?" ज्याने खरंच बदललं असेल, त्याला बोलताना थांबवावं लागतं.

या तोंडी परीक्षेला प्रत्येक मुलामागे पाच मिनिटं लागतील. वेळापत्रकात तेवढी जागा आत्ताच राखून ठेवावी, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका