बाबा, ‘कुंकू’ पुन्हा नीट ऐकायचा आहे

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मुद्द्याचे आधीच सांगते. पुण्यातल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, दिवाळी झाल्यावर लगेचची. बाबांच्या कोल्हापुरातल्या तपासणीचा आलेख त्यांना दाखवला, त्यांनी दोन्ही कानांना श्रवणयंत्रे सुचवली आणि मी होकार देऊन टाकला. तुम्हाला विचारून ठरवायला हवे होते असे आई म्हणेल. पण बाबांचे ‘मला सगळे ऐकू येते’ हे उत्तर आपल्या तिघांनाही पाठ आहे आणि त्यात आणखी एक वर्ष जाऊ देणे मला परवडणारे नाही. पैशांचा विचार तुम्ही अजिबात करायचा नाही.

काळजी वाटली ती आईच्या एका वाक्याने. ती सहज म्हणाली की बाबांनी हल्ली ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे जुने चित्रपट लावणेच सोडले आहे, ‘संत तुकाराम’ लावतात आणि प्रिंट खराब आहे म्हणून थोड्या वेळात बंद करतात. बाबा, थोडा दोष प्रिंटचा आहेच. त्या काळी आवाज फिल्मच्या कडेवर प्रकाशाने उमटवत, त्यात उंच, बारीक ध्वनी मुळात कमी उतरत आणि खरखर मात्र भरपूर असे. पण वयाबरोबर कानातून आधी निसटतात तेही नेमके उंच ध्वनीच. स, श, फ, त ही अक्षरे पुसट होतात, त्यामुळे आवाज येतो पण शब्द लागत नाहीत, आणि टीव्ही कितीही मोठा केला तरी लागत नाहीत. नव्या चित्रपटांत एखादे वाक्य निसटले तरी फारसे बिघडत नाही. तुमच्या आवडत्या चित्रपटांत मात्र सगळा जीव बोलण्यात आणि गाण्यात आहे.

‘कुंकू’ बघताना तुम्ही मला मध्येच डोळे मिटायला लावले होते. मी शाळेत होते, कंटाळले होते, आणि तुम्ही म्हणालात की आता फक्त ऐक. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आले की या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही. १९३७ साली, बोलपट येऊन उणीपुरी सहा वर्षे झालेली असताना, दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंनी घरात आणि रस्त्यावर जे कानावर पडते तेवढ्यावरच सगळा चित्रपट पेलला. भिंतीवरचे घड्याळ वाजत राहते आणि उतारवयात तरुण नीरेशी लग्न केलेल्या काकासाहेबांचे वय आपल्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. काकासाहेब झालेले केशवराव दाते आवाज खाली आणून बोलतात, तेव्हा त्या म्हाताऱ्या नवऱ्याचीही दया येऊ लागते, आणि शांता आपट्यांच्या नीरेचा नकार तर शब्दांच्या आधी तिच्या आवाजाच्या धारेतच ऐकू येतो. लोक ‘कुंकू’ची थोरवी जरठ-कुमारी विवाहाच्या विषयात शोधतात. मला ती या संयमात जास्त वाटते, आणि हे ऐकायला तुम्हीच मला शिकवले आहे.

‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे तुम्ही घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगता. मला त्यातली गौरीबाईंची आवली सर्वांत जवळची. ती विठोबाला बोल लावते, नवऱ्यावर करवादते, आणि त्या कडाडण्यातच तिची माया असते. सूर ऐकला नाही तर नुसते भांडण उरते. विष्णुपंत पागनीस अभंग म्हणतात त्यात गायकीचा दिमाख कुठेच नाही. ‘आधी बीज एकले’ हे शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेले आहे, पण आजी शेवटपर्यंत ते तुकोबांचेच समजून म्हणत राहिली आणि तुम्ही तिला एकदाही दुरुस्त केले नाही, बाबा. तुमची ही गोष्ट मला फार आवडते.

आणि ‘अयोध्येचा राजा’. पार्श्वगायन अजून आलेच नव्हते, म्हणून १९३२ साली दुर्गा खोट्यांनी ‘बाळा का झोप येईना’ स्वतःच गायले, तेही आपल्या कोल्हापुरात. माझ्या गोवरात बाबा उशाशी बसून ते रात्रभर म्हणत होते. सूर कुठल्या कुठे गेला होता, पण आईने टोकले नाही. आजही ताप आला की मला तेच आठवते.

यंत्र पहिल्या दिवसापासून सुखाचे वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. भांड्यांचा, नळाचा, वर्तमानपत्राच्या पानांचा आवाज अंगावर येईल, कारण मेंदूला पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात. म्हणूनच तुम्ही दोघांनी महिनाभर माझ्याकडे राहायचे आहे. खोली तळमजल्यावर आहे, न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवून घेतले आहेत, बाबांची पहाटेची फेरी बागेत होईल आणि आईला तिच्या पद्धतीचा चहा तिच्याच हाताने करता येईल. सवय झाली की लॉ कॉलेज रस्त्यावरचा ‘प्रभात’चा जुना स्टुडिओ बघायची परवानगी मिळते का, तेही बघेन. यंत्र कानामागे बसते, केसांत दिसतही नाही. आणि दिसले तरी चष्म्यात जसे काही कमीपणाचे नाही तसे यातही नाही.

आई, आलेखाची मूळ प्रत तुझ्या पर्समध्ये ठेव, बाबांच्या फायलीत नको. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या घ्या. बाबा, कानात तेल घालणे आजपासून बंद, आणि कोणी सांगितले म्हणून कुठलेही थेंब टाकायचे नाहीत.

होकार फोनवर देऊ नका. फोनवर माझे निम्मे बोलणे तुमच्यापर्यंत पोहोचत नाही आणि मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही सगळ्याला ‘बरं’ म्हणता, हे मला कळते. दोन ओळी लिहून पाठवा, आणि पुण्यात आल्यावर आधी कोणता चित्रपट लावायचा तेही त्यात लिहा.

तुमची,
मनू