रेस बंद करा नायतर चालू ठेवा, मैदान तेवढं जाऊ देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घोड्यांची रेसकोर्स बंद होत असल्याच्या बातम्या तुमच्या पेपरात यायला लागल्यापासून आमच्या चौकातल्या कट्ट्यावर निकाल कधीच लागलाय. बंद करून टाका म्हणे, श्रीमंतांचा जुगार आहे, आपल्याला काय करायचंय. मी आपला गप चहा पीत होतो. पण यादी वाढतच चाललीय. उटीच्या रेसकोर्सची ५२ एकर जमीन जून २०२४ मधे तमिळनाडू सरकारने ताब्यात घेतली, सप्टेंबरमधे चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सला सील ठोकलं, भाड्याची थकबाकी किती तर ७३० कोटी. बेंगळुरूच्या क्लबचं लीज २००९ सालीच संपलंय, तेव्हापासून गावाबाहेर जा म्हणून मागे लागलेत. परदेशात पण तेच, सिंगापूरला ५ ऑक्टोबर २०२४ ला शेवटची रेस झाली आणि १८० वर्षांपेक्षा जुना कारभार आटोपला, मकाव तर त्याच्या आधीच मार्चमधे बंद. म्हणलं आता सोलापूरकराने पण दोन शब्द बोलायला हरकत नाही.

आमच्या गावात रेसकोर्स नाही आणि कधी होईल असं वाटत पण नाही. मी रेस खेळत पण नाही. माझा जीव अडकलाय तो जमिनीत, कारण मी मिल कामगाराचा पोरगा आहे.

आधी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचं काय झालंय ते सांगतो, कारण लोक अर्धीच बातमी वाचतात. १८८३ चं रेसकोर्स, २११ एकराच्या आसपास जागा, जमीन थोडी राज्य सरकारची थोडी महापालिकेची आणि रेस भरवणारा क्लब भाडेकरू. लीज संपलं २०१३ मधे. मग दहा वर्षं नुसतं लोंबकळत ठेवलं. थीम पार्क करू, उद्यान करू, हलवू, नका हलवू, असं सगळं झाल्यावर २०२४ मधे तोडगा निघाला की १२० एकर महापालिकेला सेंट्रल पार्कसाठी द्यायचे आणि ९१ एकर ३० वर्षांसाठी क्लबकडे राहायचे. म्हणजे महालक्ष्मीची रेस उद्या बंद होतेय असं नाही, पण निम्म्याहून जास्त जागा क्लबच्या हातातून गेली. आता पार्क म्हणलं की आपण खूश. झाडं, पोरं, सकाळचे फिरणारे, कोणाला नको असतं? वाईट तर काहीच नाही. पण पार्कच्या खाली पार्किंग, भुयारी रस्ता, क्रीडासंकुल अशी भाषा लगेच सुरू झाली ना, तिथे माझे कान टवकारले.

कारण हे सगळं आम्ही ऐकलेलं आहे. माझे वडील मिलमधे साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. सोलापुरात १८७७ ला जुनी मिल उभी राहिली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा. मिल बंद पडल्या तेव्हा सगळे पुढारी एकच बोलायचे, जमिनीचं काहीतरी चांगलं करू, कामगाराला वाऱ्यावर सोडणार नाही. पुढचं मी लिहायला नको, कामगारांची घरं कशी चालली ते सोलापूरकराला माहितीय. मुंबईचं तर कागदावरच आहे. १९९१ च्या नियमावलीत ५८ नंबरचा नियम केला, बंद मिलची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. ऐकायला झकास. २००१ मधे गुपचूप दुरुस्ती केली की वाटे पूर्ण जमिनीचे करायचे नाहीत, आवारात जेवढी जागा आधीपासून रिकामी पडलीय तेवढ्याचेच करायचे. आता मिल म्हणजे सगळी शेडच शेड, रिकामी जागा असून असून किती असणार हो? लोक हायकोर्टात गेले, सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं आणि २००६ मधे दुरुस्ती कायम राहिली. आज लोअर परळला जाऊन बघा, मॉल आहेत, टॉवर आहेत, मैदान शोधायला दुर्बीण घेऊन जायला लागेल.

तर रेसकोर्स बंद करा म्हणणाऱ्यांनी हा एक शब्द बदलण्याचा खेळ ध्यानात ठेवावा, बास.

आता जुगाराचं. रेसवर पैसे लागतात हे कोण नाकारतंय, पैसे लागतात म्हणून तर रेस चालते. सुप्रीम कोर्टाने १९९६ मधे मद्रासच्याच केसमधे सांगितलंय की घोड्याची रेस हा नुसत्या नशिबाचा खेळ नाही, त्यात कौशल्य आहे, पण ते बाजूला ठेवा, कोर्टाचा निकाल दाखवून कोणाच्या बायकोचं समाधान होत नाही. माझे चुलते पुण्यात कॅम्पात नोकरीला होते, त्यांना हा नाद होता. काकू पगाराच्या दिवशी ऑफिसच्या गेटवर येऊन उभी राहायला लागली तेव्हा कुठे सुटला. म्हणून सांगतो, मला रेसचं कौतुक गायचं नाही. पण मैदान बंद केलं की सट्टा बंद होईल हे जे कोण म्हणतात त्यांनी सोलापुरात मटक्याबद्दल बोलावं. मटका कायद्याने बंदच आहे की! कुठल्या टपरीवर बंद आहे तेवढं दाखवा.

रेसकोर्सवरचा पैसा निदान खिडकीवर मोजला जातो, तिकीट मिळतं, सरकारला टॅक्स जातो. २०१७ मधे जीएसटी आला तेव्हा लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. क्लबच्या कमिशनवर नाही बरं का, माणूस लावतो त्या रकमेवर. शंभर लावायचे तर वर चाळीस. असल्या हिशोबात शहाणा माणूस खिडकीवर कशाला जाईल, तो फोनवरच्या बुकीला गाठणार, तिथे ना टॅक्स ना पावती. म्हणजे बंदीचा हुकूम काढायला पण नको, एवढ्या टॅक्सनेच रेसकोर्स हळूहळू रिकामं होतंय, आणि ते एकदा रिकामं झालं की मग सांगायला मोकळे की बघा कोणी येत नाही, जमीन वाया चाललीय.

चुलत्यांमुळे मी पावसाळ्यात पुण्याचं रेसकोर्स बघितलंय. मुंबईचा सीझन थंडीत आणि पुण्याचा पावसात, जुलैपासून. काका रेसचं पुस्तक उघडून पेन्सिलीने खुणा करत बसायचे आणि मी पॅडॉकच्या, म्हणजे घोडे फिरवतात त्या आवाराच्या, कठड्याला चिकटून उभा. मला रेस कळायची नाही, मला मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, बघायला आवडायचं. रेस संपून घोडा परत यायचा तेव्हा पावसाने आणि घामाने निथळत असायचा, अंगातून वाफा निघायच्या, नाकपुड्या लाल, आणि तो मोतद्दार स्वतः नखशिखांत भिजलेला, पण आधी ओल्या स्पंजने घोड्याचं तोंड पुसणार, नाकपुड्या साफ करणार, पाठीवर झूल टाकणार, मग लगाम धरून हळूहळू फिरवत राहणार, श्वास खाली बसेपर्यंत. घोडा शेवटून दुसरा आलेला असायचा, काकांनी तिकीट फाडून टाकलेलं असायचं आणि शिव्या पण देऊन झालेल्या असायच्या. मोतद्दाराचं काम तेवढंच, जिंकलेल्या घोड्याचं आणि हरलेल्याचं.

रेसकोर्सच्या चर्चेत हा माणूस कुठेच येत नाही. क्लबचे मेंबर येतात, बिल्डर येतात, मंत्री येतात, सकाळी वॉकला येणारे पण येतात. मोतद्दार, नालबंद, सकाळी घोड्यांना सराव देणारा वर्क रायडर, वैरणवाला यांचं कोण बोलणार? यातली कित्येक घरं पिढ्यानपिढ्या तबेल्यातच वाढलेली. पांडू खाडेंसारखा मराठी नावाचा जॉकी देशात एक नंबरला गेला तो या जगातूनच. यांना उद्या दुसरं काय येतं विचारलं तर काय सांगतील, आमच्या बापाला साच्याशिवाय काय येत होतं?

आणि घोड्यांचं काय करणार तेही कोणी सांगत नाही. रेसचा घोडा दोन वर्षांचा झाला की पळायला लागतो, चार-पाच वर्षं पळतो, आणि जगतो वीस-पंचवीस वर्षं. प्राणीप्रेमी म्हणतात चाबूक मारतात, पाय मोडला की संपवतात, ते खोटं नाही आणि त्यावर कडक नियम पाहिजेतच. पण रातोरात बंद केलं तर शेकडो घोडे कुठे जाणार हा प्रश्न प्राणीप्रेमींनीच आधी विचारायला पाहिजे. पूर्वी पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे रिटायर घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरम (औषधासाठी रक्तातला द्रव) काढायला जायचे, त्यातूनच सायरस पूनावालांना सुचलं की हे आपणच का करू नये, आणि १९६६ मधे सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आपल्या मंगळवेढ्या-सांगोल्याकडे शेतात साप चावला की सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ते आजही घोड्याच्या रक्तापासूनच बनतं. म्हणजे घोडा म्हणलं की फक्त टोपी घातलेल्या बायका आणि शॅम्पेन, असं नाही.

आपल्या जिल्ह्याला तरी घोडा परका नाही. अकलूजचा घोडेबाजार आहे, वारीत अकलूज, खुडूस, वाखरीला रिंगण होतं तेव्हा अश्व धावून गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं अशी तुटून पडतात की पोलिसांचं काही चालत नाही. रिंगण म्हणजे रेस नव्हे, तुलना करायचीच नाहीये मला, नाहीतर उद्या तुमच्याकडे माझ्या विरोधात पत्रं येतील. पण घोडा पळताना बघायची हौस गोऱ्या साहेबाने आपल्याला शिकवली असं जे म्हणतात ते काही पटत नाही. बैलगाडा शर्यतीचं बघा, कोर्टाने बंद केली, तेव्हा सगळे पक्ष एकत्र आले, कायदा केला, २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने तो मान्य पण केला. तिथे मतं होती. रेसकोर्सला मतं नाहीत, म्हणून कोणी बोलत नाही, एवढंच.

माझं म्हणणं सरळ आहे. रेस चालू ठेवायची का बंद करायची ते सरकारने ठरवावं, बंद करायची असेल तर क्लबला पाच-सात वर्षांची मुदत द्यावी, मोतद्दारांची यादी आधी करावी आणि त्यांचा हिशोब जमिनीच्या हिशोबाआधी व्हावा. आणि जमीन ज्या दिवशी परत घ्याल त्याच दिवशी तिच्यावर मैदान म्हणून आरक्षण टाका, वर पण नाही, खाली पण नाही, बांधकाम शून्य. गिंडीत निदान पूर अडवायला तळी खोदली, पाणी मुरायची सोय तरी केली. पुण्याचं रेसकोर्स सैन्याच्या जमिनीवर आहे, ते पण लीजवर, त्यामुळे आज ना उद्या तिथे पण हाच विषय निघणार. आणि हसू नका, पण आमच्या होम मैदानावर सुद्धा मला रोज नजर ठेवावीशी वाटते, गड्ड्याची यात्रा भरते म्हणून ते अजून मोकळं आहे.

तुम्ही एक काम करा साहेब. तुमच्या मुंबईच्या वार्ताहराला १२० एकराच्या त्या कराराची प्रत मिळवायला सांगा, त्यात कायम मोकळं ठेवणार आणि खाली पण काही बांधणार नाही असं लिहिलेलं कलम कुठल्या पानावर आहे ते बघायला सांगा, आणि असेल तर तेवढं पान पहिल्या पानावर छापा. नसेल तर त्याहून मोठ्या अक्षरात छापा.

आपला,
एक जुना वाचक,
अशोक चौक, सोलापूर