बॉयलरचे पेलेट ग्रिलमध्ये नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली रविवारच्या पुरवण्यांमध्ये बार्बेक्यू, स्मोकर, स्टेक असं बरंच काय काय येतं, फोटो मस्त असतात, मॅरिनेट कसं करायचं तेही असतं, पण त्या मशीनच्या पोटात जळतंय काय याबद्दल एक ओळ सापडत नाही. मी नवी मुंबईत घणसोली गावात राहतो, गावठाणात घरं स्वतःची आणि गच्च्या मोकळ्या, त्यामुळे इकडे आणि पलीकडे कोपरखैरणे-ऐरोलीलाही आता पेलेट ग्रिल दिसायला लागलेत, माझ्याकडेही आहे आणि मला तो मनापासून आवडतो. म्हणूनच हे लिहितोय.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बाजूला एक हॉपर असतो, त्यात लाकडाचा भुसा दाबून केलेले बारीक कांड्यांसारखे पेलेट टाकायचे, खाली एक स्क्रू फिरतो तो थोडे थोडे पेलेट आगीच्या भांड्यात ढकलतो, छोटा हीटर ते पेटवतो, पंखा वारा देतो आणि तुम्ही लावलेलं तापमान मशीन स्वतः सांभाळतं. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या जो ट्रेगर यांनी १९८६ मध्ये याचं पेटंट घेतलं, त्याआधी तिकडे असे पेलेट घरं गरम करायच्या शेगड्यांत जायचे. सत्तरच्या दशकात तेल महागलं तेव्हा सॉ मिलचा भुसा असा कामाला आला. आणि महत्त्वाचं म्हणजे तिकडेही ग्रिलवाल्या कंपन्या ग्राहकाला सांगतात की घर गरम करायचे पेलेट जेवणाच्या ग्रिलमध्ये घालू नका. चांगल्या पेलेटला डिंक, गोंद काही लागत नाही, लाकडातच असणारं लिग्निन नावाचं चिकट द्रव्य दाबाने आणि उष्णतेने मऊ होतं तेच भुसा धरून ठेवतं.

आता गॅसवर आपण रस्सा करतो तेव्हा जळतंय ते खाली, शिजतंय ते वर आणि मध्ये पातेलं. या ग्रिलमध्ये धुराला अडवणारं मध्ये काहीच नाही. जो धूर निघतो तो थेट मांसावर बसतो आणि तोच आपण खातो, त्याच्यासाठीच तर एवढे पैसे घालून मशीन घेतो ना.

स्टेकचंच घ्या. आपल्याकडे स्टेक म्हणजे म्हशीचं अंडरकट, म्हणजे पाठीच्या आतल्या बाजूचं मऊ मांस, कारण महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी आहे. ज्यांच्याकडे म्हैस चालत नाही ते बोकडाच्या रानाचे, म्हणजे मांडीचे, आडवे जाड काप घेतात. म्हशीच्या मांसात चरबी कमी, जरा जास्त शिजलं की वातड होतं, म्हणून काप निदान चार सेंटीमीटर जाड पाहिजे, खाटकाला आधीच सांगून ठेवायचं नाहीतर तो सवयीने पातळ मारतो. आदल्या रात्री नुसतं मीठ चोळून फ्रिजमध्ये जाळीवर उघडा ठेवायचा, मीठ आधी पाणी बाहेर ओढतं आणि मग तेच खारं पाणी मांस परत आत घेतं, सकाळी वरून हात लावला तर बोटाला किंचित चिकट लागतो, धूर तिथेच नीट धरतो. मग ग्रिल १०७ अंश सेल्सिअसवर, कारण मंद आचेवर पेलेट जास्त धुमसतात आणि धूर भरपूर मिळतो, आच वाढवली की ते साफ जळतात आणि धुराची चव कमी होते. काप आतून ४८ अंशांच्या आसपास येईपर्यंत ठेवायचा, तासाभराच्या मागेपुढे लागतं पण घड्याळावर जायचं नाही, थर्मामीटरची सुई बरोबर मध्यभागी खुपसून बघायचं. तोवर बिडाचा तवा गॅसवर कडकडीत तापवून घ्यायचा, कारण बऱ्याच पेलेट ग्रिलची धाव २६० अंशांपर्यंतच असते आणि आच पत्र्याआडून येते, पाहिजे तशी खरपूस तांबूस पापुद्री त्यात येत नाही. तव्यावर एकेक बाजू मिनिट-दीड मिनिट, आत ५५ अंश आले की उतरवायचा, पाच मिनिटं हात लावायचा नाही आणि मग धाग्याला आडवं कापायचं. अमेरिकेचं कृषी खातं ६३ अंश आणि वर तीन मिनिटं थांबा असं सांगतं, पानावर म्हातारं माणूस, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर मी तेच पाळतो.

एवढं सगळं मन लावून करायचं आणि त्याच्याखाली जाळायचं काय तर कुठल्या तरी कारखान्यातला पावडर झालेला प्लायवूड? हे उगाच म्हणत नाही. माझा चुलतभाऊ रबाळे एमआयडीसीत बॉयलरवर आहे. त्यांच्याकडे बॉयलरमध्ये जाळायला येणाऱ्या पेलेटच्या मालात शेंगांची टरफलं असतात, सोयाबीनचं भुसकट असतं, कापसाच्या पऱ्हाट्या असतात, सॉ मिलचा आणि फर्निचरवाल्यांचा भुसा असतो, आणि त्यात वाईट काही नाही, बॉयलरला तो चालतो, धूर चिमणीतून जातो आणि आतल्या पाण्याला लागत नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के बायोमास पेलेट मिसळायला सांगितलं, त्याने शेतातला पालापाचोळा जागेवर जाळण्यापेक्षा कामाला लागतो, हे चांगलंच आहे. प्रश्न एवढाच की तोच माल आता छोट्या पिशव्यांत भरून, वर ज्वाळेचं चित्र छापून ग्रिलसाठी विकला जातोय.

अशी एक पिशवी आमच्याच आळीतल्या एका मुलाने आणली होती, आयात पेलेटच्या किमतीच्या मानाने खूपच स्वस्त. मी एक कांडी हातात मोडून बघितली तर भुशात पांढरे, चकाकणारे बारीक कण, सनमायका कापल्यावर पडतात तसे. थोडे पेलेट पत्र्यावर पेटवून बघितले तर धुराला लाकडाचा वास नाहीच, नाकात शिरशिरी आणि डोळ्यांत पाणी. विकणाऱ्याला फोन लावून विचारलं की कुठलं लाकूड, तर म्हणाला अहो भुसा तो भुसा, सगळं लाकूडच असतं. सगळं लाकूडच नसतं हो. आज आपल्याकडे सुताराच्या दुकानातून जो भुसा निघतो त्यात सागवान किती आणि प्लाय, एमडीएफ (लाकडाचा लगदा गोंदाने दाबून केलेला तक्ता) किती हे कुठल्याही सुताराला विचारा. प्लाय आणि एमडीएफ जोडायला बऱ्याचदा युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद वापरतात, आणि फॉर्माल्डिहाइड माणसात कॅन्सर करतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. वरून लॅमिनेट, पॉलिश, वाळवीचं औषध, ते वेगळंच. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितलं तेव्हा बेकऱ्यांत जुन्या फर्निचरचं भंगार जळतं यावर केवढी चर्चा झाली होती, मग घरच्या गच्चीवर तेच जळत असेल तर त्यावर कोणीच का बोलत नाही.

आमच्याकडे आगरी लोकांत थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मीठ-ओवा लावलेली कोंबडी, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, सुक्या झावळ्या, काटक्या पेटवायच्या. तिथे मडकं मध्ये असूनसुद्धा आगीत कोणी प्लास्टिकची पिशवी टाकली तर म्हातारी माणसं अंगावर धावून येतात, कारण चवीला लागतं हे त्यांना माहीत असतं. जाळणं कशाचं आहे हे पोपटीवाल्याला डोळ्यांसमोर दिसतं. पेलेटमध्ये ते दिसत नाही, भुसा झाला की आंबा काय आणि एमडीएफ काय रंग सारखाच, आणि पाण्यात टाकून बघा वगैरे जे उपाय सांगतात त्याने पेलेट कोरडा आणि नुसता दाबलेला आहे का एवढंच कळतं, आतला भुसा कुठून आला ते कळत नाही. म्हणून ते पिशवीवर लिहिलेलंच पाहिजे.

माझं म्हणणं असं आहे की ग्रिलसाठी म्हणून जी पिशवी विकली जाते तिच्यावर कुठल्या झाडाचं लाकूड, किती टक्के, त्यात साल, गोंद, तेल काही घातलंय का आणि बनवणारा कोण हे मराठीत आणि इंग्रजीत छापणं सक्तीचं करावं. पाकिटबंद मालावर वजन, किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता टाकायचा नियम आधीपासून आहेच, त्यात जळणाचा हा एवढा तपशील वाढवायला काय हरकत आहे. अन्न व औषध प्रशासनाने तर हे जेवणाचं सामान समजूनच बघायला पाहिजे, कारण धूर पोटात जातो. औद्योगिक पेलेटच्या गोणीवर ‘खाद्यपदार्थ भाजण्यासाठी नाही’ असं ठळक लिहायला लावलं तरी अर्धं काम होईल.

आणि तोवर ज्यांच्याकडे ग्रिल आहे त्यांना सांगतो, लाकडाचं नाव न सांगणाऱ्याकडून पेलेट घेऊच नका. खात्रीचे मिळत नसतील तर साध्या कोळशाच्या शेगडीवर आंब्याच्या किंवा बाभळीच्या सुक्या लाकडाचे दोन तुकडे टाकून झाकण लावलं तरी स्टेकला सुंदर धूर बसतो, फक्त रंगवलेलं, पॉलिश केलेलं लाकूड नको. चांगले पेलेट मिळाले तर ते झाकणाच्या हवाबंद ड्रममध्ये ठेवा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ते हॉपरमध्ये राहिले की दमट होऊन फुगतात, परत भुसा होतो, स्क्रू अडकतो आणि नीट न पेटता जो दाट पांढरा धूर येतो त्याने मांस कडू होतं. हवा तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर.

तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी ग्रिलवर पान काढाल तेव्हा मसाल्याच्या यादीत पेलेटचं लाकूडही लिहा आणि बॉयलरच्या मालाबद्दल चार ओळींची चौकट टाका, ही विनंती. थंडी सुरू व्हायच्या आधी आली तर जास्त बरं, कारण गच्चीवरच्या पार्ट्या तेव्हाच सुरू होतात.

आपला,
एक वाचक
घणसोली गाव, नवी मुंबई