संशोधन केंद्र चालवणाऱ्यांनाही करिअर हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमुक विद्यापीठाच्या आरोग्य संशोधन केंद्राला एवढे कोटी मंजूर, अशा बातम्या तुमच्या पेपरात येतात, सोबत संशोधकांचा फोटो असतो आणि तो असायलाच हवा. पण पैसे आल्यावर ते केंद्र रोज चालवतं कोण हे कुठे छापून आलेलं मी तरी वाचलं नाही, म्हणून लिहितेय. मी स्वतः अशा केंद्रात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होते.

लोकांना वाटतं फायलींवर सह्या घेण्याचं काम. औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या एथिक्स कमिटीत २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान ७ मेंबर लागतात आणि त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, त्यात वकील हवा, एखादी सर्वसामान्य व्यक्ती हवी, या सगळ्यांच्या तारखा जुळवायच्या म्हणजे काय ते केल्याशिवाय कळत नाही. चाचणी असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद, परदेशी पैसा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी, खरेदी सरकारच्या जेम पोर्टलवरून, आणि ३१ मार्च उलटला की यूसीची घाई. हे यूसी, म्हणजे खर्चाचा दाखला, फॉर्म १२-ए, अडकलं की पुढचा हप्ता अडकतो आणि मग पहिला फटका बसतो घरोघरी जाऊन बीपी मोजणाऱ्या, रक्ताचे नमुने घेणाऱ्या फील्डवरच्या मुलींना. पगार नाही म्हणून त्यातली एक जरी सोडून गेली तरी तिच्या ओळखीवर दार उघडणारी घरं नवीन मुलीला आत घेत नाहीत, फॉलोअप तुटतो, आणि वर्षानुवर्षं जमवलेल्या डेटाला भोकं पडतात. म्हणजे हिशोब वेळेत जाणं हासुद्धा संशोधनाचाच भाग आहे, हे मी मनापासून सांगतेय.

आणि एवढं सगळं सांभाळणाऱ्या माणसाची नोकरी प्रोजेक्टपुरती! प्रोजेक्ट संपला की कॉन्ट्रॅक्ट संपलं, प्रमोशनचा प्रश्नच नाही. विद्यापीठात कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव अशी शिडी आहे, आम्ही त्या शिडीवर कुठेच नाही. कधी परीक्षा विभागातून बदली होऊन कुणीतरी येतं, त्या बिचाऱ्याला हे सगळं शिकवून होईपर्यंत त्याची पुन्हा बदली.

अमेरिकेत या कामातल्या लोकांची राष्ट्रीय संघटना १९५९ पासून आहे, तिथे याचं रीतसर सर्टिफिकेट मिळतं. आपल्याकडेही आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्स या संस्थेने रिसर्च मॅनेजमेंटसाठी, म्हणजे याच कामासाठी, उपक्रम सुरू केला ही फार चांगली गोष्ट झाली, पण आपल्या विद्यापीठांच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, या नावाचं पद आल्याशिवाय हुशार मुलं-मुली इकडे वळणार कशी?

ग्रँटमध्ये संस्थेसाठी ओव्हरहेडची, म्हणजे वरखर्चाची, रक्कम असते, त्यातून प्रत्येक आरोग्य संशोधन केंद्राने निदान एक तरी पद कायम चालू ठेवावं, आणि या कामाचा आधीचा कॉन्ट्रॅक्टचा अनुभव त्यासाठी धरावा. आणि तुमच्या करिअर पुरवणीत एकदा या कामाबद्दल सविस्तर छापा, अशी मनापासून विनंती.

आपली,
एक वाचक, पुणे