बाबा, एफडी मोडू नका

ब्लिस्वर्थजवळ, ग्रँड युनियन कालवा, इंग्लंड
डिसेंबर

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी कामाचं. बाबा, ती एफडी मोडू नका. रविवारी फोनवर माझ्या बोटीतल्या बॅटऱ्यांबद्दल तुम्ही म्हणालात, "चारही बॅटऱ्या नव्या घे, पैसे मी पाठवतो, पण घेण्याआधी एकदा मीटर लावून बघ." तेवढ्यात फोन कट झाला. मग मी मीटर लावला. नव्या बॅटऱ्या लागणार नाहीत. दोष सापडलाय, आणि तो कसा सापडला ते तुम्हाला फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा नीट लिहूनच कळवावं असं वाटलं.

आई, तुला कंटाळा येईल कदाचित, पण तूही वाच. तुला माझ्या बोटीची काळजी वाटते, आणि निम्मी काळजी तिथली वीज कुठून येते हे दिसत नाही म्हणून असते. इथे काठावर तार नाही. इंजिन चालू केलं की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर वीज तयार करतो, छपरावरच्या सोलर पॅनलमधून थोडी येते, आणि सगळी चार बॅटऱ्यांत साठते. दिवे, नळाचा पंप, छोटा फ्रिज, लॅपटॉप, सगळं त्या चारांवर. इंजिन सुरू करणारी पाचवी बॅटरी वेगळी आहे, तिला घरातलं काही जोडलेलं नाही. त्यामुळे घरातला दिवा गेला तरी बोट अडकून पडत नाही.

उन्हाळ्यात सोलरवर भागतं. आता मात्र दिवस आठ तासांहूनही लहान आहे, आभाळ कायम भरलेलं, आणि सूर्य इतका खाली की पॅनलवर पडणारं ऊन नावालाच. म्हणजे सगळी भिस्त अल्टरनेटरवर. तेही रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचं नाही असा इथला नियम आहे, शेजारच्यांना त्रास नको म्हणून. नियम चांगला आहे, मला पटतो. पण बॅटऱ्या नीट भरत नसल्या तर संध्याकाळी सातपासूनच जीव टांगणीला लागतो.

बिघाड पहिल्यांदा लक्षात आला तो बोगद्यात. ब्लिस्वर्थचा बोगदा ३,०७६ यार्डांचा, म्हणजे जवळजवळ २.८ किलोमीटर. १८०५ साली खुला झाला. आत काठाने चालायला वाट नाही. त्या काळी बोट ओढणारा घोडा डोंगरावरून पलीकडे नेत आणि माणसं फळीवर उताणी झोपून बोगद्याच्या भिंतींवर पाय रेटत बोट पुढे ढकलत. अंधारात, वरून पाणी ठिबकतंय, आणि सगळा भार पायांवर. आत शिरलं की मला दर वेळी त्यांची आठवण येते. समोरून दुसरी बोट येऊ शकते, दोघी एकमेकींना जेमतेम खेटून जातात, म्हणून पुढचा दिवा लागतोच. तोच दिवा त्या दिवशी पिवळा पडत गेला. मागे सुकाणूपाशी उभं राहून मी बोर्डावरचा व्होल्टचा काटा बघितला तर १२.६. इंजिन जोरात चालू आहे, आणि काटा १२.६! बाबा, तुम्हाला पुढचं सांगायला नको, तो चौदाच्या आसपास हवा.

बाहेर आल्यावर एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, चारही बॅटऱ्या गेल्या म्हणाला. अल्टरनेटरचं विचारलं तर म्हणे, इंजिन सुरू झाल्यावर लाल दिवा विझतोय ना, मग तो ठीक आहे. तेवढं सांगून निघून गेला. मी तुम्हाला फोन केला तो त्यानंतर.

दापोडीच्या वर्कशॉपातून आल्यावर तुम्ही जेवताना सांगायचात ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. गाडीची बॅटरी बसली की डेपोतून नवी मागवतात, तीही थोड्याच महिन्यांत बसते, आणि मग बॅटरीच्या कंपनीला शिव्या. मूळ रोग तसाच. लाल दिवा विझला याचा अर्थ अल्टरनेटर वीज करतोय, इतकाच. ती बॅटरीपर्यंत पोचतेय की नाही हे तो दिवा सांगत नाही.

तुमच्या क्रमाने गेले. पट्टा अंगठ्याने दाबला, अर्धा इंच आत गेला, ताण बरोबर. पुलीखाली काळी भुकटी नाही, म्हणजे घसरत नाही. मग इंजिन चालू ठेवून मीटर आधी अल्टरनेटरच्याच टोकांवर लावला: १४.३. म्हणजे अल्टरनेटरचे कार्बन, डायोड, कटआऊट, सगळं शाबूत. तसाच मीटर बॅटरीच्या टोकांवर नेला: १३.२. एक पूर्णांक एक व्होल्ट वाटेतच गायब! नळाला पाणी आहे पण मधल्या पाइपात गाळ बसलाय, अशातला प्रकार, आई.

आता कुठल्या बाजूला गायब होतंय ते बघायचं होतं. मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या प्लसला, दुसरी बॅटरीच्या प्लसला: ०.२. मग दोन्ही मायनसला: ०.९. तिथेच मी उठून उभी राहिले. दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे मायनसच्या काळ्या केबलच्या बाजूला होता. सगळे प्लसची जाड लाल केबल तपासतात, काळीकडे कुणी बघत नाही, असं तुम्हीच म्हणायचात.

काळी केबल इंजिनाला जिथे बोल्टने आवळलेली आहे ती जागा इंजिनाखाली, बोटीच्या तळातल्या ओलाव्याजवळ. बोल्ट घट्ट होता, वरून सगळं बरं दिसत होतं, पण लगला, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीला, हात लावला तर चटका बसला. इंजिन बंद केलं, बॅटऱ्या सोडवल्या आणि मग लग काढला. (हो बाबा, आधी इंजिन बंद, मगच बॅटरी सोडायची. चालू इंजिनात बॅटरी सोडली की अल्टरनेटरचे डायोड उडतात, हे विसरलेले नाही.) वरचं रबर चाकूने कापलं. आत तांब्याच्या तारा हिरव्यागार, मध्ये मध्ये काळ्या, आणि बोटांनी चोळल्या की त्यांचा चुरा होऊन हातावर पडत होता. निम्म्याहून जास्त तारा लगपासून सुटलेल्याच होत्या. तेवढ्या उरलेल्या तारांतून सगळं चार्जिंग जात होतं, आणि वाटेत वाया जाणाऱ्या विजेची उष्णता होत होती. त्याचा फोटो पाठवते, तुम्हाला बघायला आवडेल.

नवी केबल आधीपेक्षा जाड घेतली. शेजारच्या बोटीतल्या आजोबांकडे लग दाबायचं हायड्रॉलिक यंत्र होतं, त्यांनी दोन्ही टोकं दाबून दिली. इंजिनावरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, आवळल्यावर वर व्हॅसलिन फासलं. पुन्हा इंजिन, पुन्हा मीटर: बॅटरीवर १४.१. एका नव्या बॅटरीइतकाही खर्च आला नाही.

बॅटऱ्यांचंही सांगते. त्या गेलेल्या नव्हत्या, उपाशी होत्या. कित्येक महिने १३.२ वर भरत राहिल्या म्हणजे कधीच पूर्ण भरल्या नाहीत, आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. म्हणून बोट मरीनात, म्हणजे बोटी बांधायच्या धक्क्यावर, नेली, काठावरच्या विजेवर चार्जर लावून रात्रभर आणि दुसरा पूर्ण दिवस सावकाश भरल्या. शेवटचे वीस टक्के भरायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, तिथे घाई चालत नाही. मग हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजायची नळी) घेऊन एकेक सेल बघितला. तिघींचे सगळे सेल १.२६ च्या आसपास, एकसारखे. चौथीत पाच सेल ठीक आणि एक १.१५ वर अडकलेला. ती काढून टाकली, नाहीतर एक आजारी बॅटरी बाकी तिघींना ओढत बसते. आता तीन आहेत आणि मला पुरतात. रोज सकाळी आठनंतर इंजिन चालवते, कारण उतरलेली बॅटरी तेव्हाच भराभर घेते. शिवाय चौदा दिवसांपेक्षा जास्त एका जागी राहायचं नसतं, त्यामुळे बोट हलवताना आपसूक भरपूर चार्जिंग होतं.

तुम्ही लिथियमचं विचारलं होतंत. पुढे कधीतरी घेईन, आत्ता नाही. लिथियम बॅटरी मिळेल तितका करंट ओढते. त्यामुळे साधा अल्टरनेटर पूर्ण भारावर चालत राहतो आणि तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवून करंटला लगाम घालावा लागतो. त्यात शून्याखालच्या थंडीत ती भरायची नसते. मला हा शिशाच्या बॅटऱ्यांचा संसार समजतो, तुम्हालाही समजतो, आणि अडलं तर तुम्हाला विचारता येतं. माझ्यासाठी ते मोठं आहे.

आई, थंडीचं विचारतेस ना दर वेळी. लोखंडी शेगडी रात्रंदिवस असते, बोट सात फुटांहूनही कमी रुंदीची, पटकन ऊब धरते. शेगडीवर तवा ठेवून भाकरी करते, छान फुगते. विषारी वायूचा अलार्म झोपायच्या जागेजवळ आहे आणि मी तो दर आठवड्याला बटण दाबून वाजवून बघते. दर चार वर्षांनी बोटीची तपासणी करून दाखला घ्यावा लागतो, त्यात गॅस, वायरिंग, बॅटऱ्या बांधलेल्या आहेत का, सगळं बघतात. मी इथे हौसेने राहते आणि नीट राहते. खोली घे म्हणून मामाला मला समजवायला लावू नकोस.

आता तुमच्या इन्व्हर्टरबद्दल. वाईला लाइट जाते तेव्हा तो हल्ली दोन तासांतच ओरडायला लागतो, असं आई म्हणाली. बाबा, माझ्या बॅटऱ्यांची चौकशी करता आणि स्वतःच्या बॅटरीचं पाणी बघायला गुडघ्यामुळे वाकवत नाही म्हणून राहून जातं, हे मला माहीत आहे. शेजारच्या मुलाला सांगा. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, नळाचं नाही, आणि खुणेच्या वर नाही. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून व्हॅसलिन. त्याआधी इन्व्हर्टर बंद करायला सांगा. बॅटरी कडेने गरम लागली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच बंद करून खिडक्या उघडा आणि नवी घ्या. ती एफडीतून नाही, माझ्याकडून. जिन्याखालच्या त्या बंद कपाटातून बॅटरी बाहेर काढा, तिथे तिला वारा लागत नाही.

रविवारी तुमच्या दुपारी फोन करते. तोवर हायड्रोमीटरचे आकडे काढून ठेवा, सहाही सेलचे.

तुमची,
मनू