दहा वर्षांच्या परीक्षकाला एक शिलिंग

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने विचारलं होतं की 'द हॉबिट'सारखी जाडजूड परदेशी कादंबरी गोव्यातल्या मराठी शाळांच्या मुलांच्या गळ्यात कशाला मारायची. तिच्यात ना आपली माती, ना बोध. त्याच्याच खाली दुसऱ्या वाचकाने ते पुस्तक डोक्यावर घेतलं होतं. दोघांनीही आपण सेवानिवृत्त असल्याचं लिहिलंय. मीही त्यातलाच, म्हणून माझं मत बाजूला ठेवतो. ज्यांच्यासाठी इंग्रज लेखक टोल्किनने ही गोष्ट लिहिली त्या वयाच्या वाचकांना ती कशी वाटली, हे मी यंदा पावसाळाभर ऐकलंय. तेवढंच कळवतो.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या वाचनालयात शनिवारी दुपारी पंधरा-सोळा मुलं जमतात, तिसरी ते सातवीची. इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन मी मराठीतून सांगायचो, शनिवारी एक प्रकरण. एकूण प्रकरणं 19. मध्ये चवथ आली, दोनदा वीज गेली, आणि एका मुलीच्या आईने "हे परीक्षेला येणार आहे का?" असं विचारून तिला शिकवणीला बसवलं. बाकीची शेवटपर्यंत टिकली.

आता परदेशीपणाबद्दल. पहिल्या प्रकरणात गोष्टीचा नायक बिल्बो बॅगिन्स याच्या दारात न कळवता 13 बुटके येऊन थडकतात, बरोबर गॅन्डाल्फ जादूगार, आणि सगळे मिळून त्याची कोठी रिकामी करतात. आमच्याकडे चवथीला असेच येतात, असं एक जण म्हणाला, फक्त आई किंचाळून खाली पडत नाही. मग ड्रॅगनने बळकावलेलं आपलं सोनं परत मिळवायला बुटके बिल्बोला घेऊन निघतात. पुढे त्या सोन्याच्या राशीवर झोपलेला स्मॉग ड्रॅगन आला, तेव्हा मी वर्णन पुरं करायच्या आत मागून आवाज आला, "धनावयलो नाग!" मला वेगळं काही समजावून सांगावंच लागलं नाही. त्या राशीतला एकच पेला बिल्बोने उचलला आणि स्मॉगला जागं झाल्या झाल्या ते कळलं, हेही त्यांना लगेच पटलं. डब्यातली एक नेवरी कमी झाली तर घरी कळतं, हा त्यांचा अनुभव आहे.

सगळ्यांत रंगलं ते पाचवं प्रकरण, अंधाऱ्या गुहेत बिल्बो आणि तिथे राहणारा गोलम नावाचा विचित्र प्राणी एकमेकांना हुमाणी, म्हणजे कोडी, घालतात ते. बिजागरी नाही, किल्ली नाही, झाकण नाही, आत मात्र सोनं. पुस्तकातलं उत्तर अंडं. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "फणस!" मी नाही म्हणेपर्यंत कापो की रसाळ यावर वाद सुरू झाला होता. आणि खरं सांगू, तिचं उत्तर चूक कसं ते मला अजून सांगता आलेलं नाही.

त्या खेळात शेवटी बिल्बो विचारतो, माझ्या खिशात काय आहे? यावर सहावीतली एक मुलगी चक्क उठून उभी राहिली. "सर, हें हुमाण न्हय!" तिचं म्हणणं, खिशात काय आहे हे ज्याचा खिसा त्यालाच ठाऊक, बिल्बो जिंकला नाही, त्याने फसवलं. जुन्या नियमांनी पाहिलं तर हा प्रश्न खरं कोडं नव्हेच, अशी कबुली लेखकानेही त्याच प्रकरणात दिली आहे. थोड्या वेळाने मी ती ओळ वाचली तेव्हा तिने सगळ्यांकडे एकदा वळून पाहिलं. या प्रकरणाचा शेवट पहिल्या आवृत्तीत वेगळा होता, टोल्किनने 1951 साली तो बदलला, हे मी सांगितल्यावर तिचा प्रश्न तयार होता: मग हुमाण का नाही बदललं?

शेवट रेंगाळतो, असं मोठी माणसं म्हणतात. स्मॉग मेला, आता सोन्याच्या वाटणीची भांडणं कशाला ऐकायची? आमच्याकडे नेमकं तिथेच भांडण पेटलं. डोंगराखालचं सोनं बुटक्यांचा म्होरक्या थोरिन याच्या पूर्वजांनी जमवलेलं, पण ड्रॅगनच्या आगीत तळ्यावरचं गाव जळून गेलं, आणि थोरिन त्यांना कवडी द्यायला तयार नाही. एक मुलगा एरवी तोंडही उघडत नाही. 2018 साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्यावर त्याच्या वडिलांचा ट्रक कित्येक वर्षं आंब्याखाली उभा होता. तो म्हणाला, "डोंगर तांचो, पूण घरां लासलीं तीं गांवच्यांचीं." बिल्बोने मग थोरिनचं सर्वांत लाडकं रत्न चोरून समोरच्या पक्षाला दिलं, यावर वाचनालय उभं दुभंगलं. निम्म्यांच्या मते तो शहाणा, निम्म्यांच्या मते फितूर. पत्रलेखकांना हवा असलेला बोध तो हाच का, कोण जाणे. आमच्या पिढीने नाथमाधवांचा 'वीरधवल' अधाशासारखा वाचला, तेव्हा तात्पर्य लिहून आणायला कुणी सांगितलं नव्हतं.

तक्रारीही कळवायला हव्यात. साऱ्या मोहिमेत मुलगी एकही नाही, ही सर्व मुलींची. मोठ्या लढाईत नायकच बेशुद्ध पडतो, ही सर्व मुलग्यांची. ड्रॅगनला मारणारा बार्ड आयत्या वेळी उगवतो, ही सर्वांची, आणि माझीही.

हे पुस्तक छापलं गेलं त्यातही एका मुलाच्या मताचा वाटा आहे. लंडनचे प्रकाशक स्टॅनली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल, असं त्याने 1936 च्या ऑक्टोबरात लिहून दिलं आणि पुढच्या सप्टेंबरात पुस्तक आलं. हे ऐकून आमचे सातवीवाले फार हसले. दहा वर्षांचा हा शहाणा स्वतःला सोडून बाकीच्यांची शिफारस करतोय!

म्हणून विनंती अशी. आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर चित्रं असतात, शब्दकोडं असतं, बक्षीस मिळवणाऱ्यांचे फोटो असतात. तिथे मुलांच्या पुस्तकांविषयीच्या मतांना चार बोटं जागा द्या. पालकांनी लिहून दिलेली मतं नकोत. ती दुसऱ्या ओळीतच ओळखू येतात. मानधनही द्या, दहा रुपये का होईना, पण रोख.

चार मुलांची मतं सोबत जोडली आहेत. फणसवालीने 'ड्रॅगन' तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलाय. मी हात लावलेला नाही, आपणही लावू नये.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, डिचोली