बर्गरच्या दोन वाटा: मंदारला पत्र

लॉस एंजेलिस

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या बर्गर चेनमध्ये चवीचा खरंच फरक असतो की नुसती जाहिरात, असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं व्हायला मन घेईना. फरक असतो, आणि बहुतेक वेळा तो पॅटी, म्हणजे बर्गरमधली मांसाची चपटी वडी, तव्यावर पडायच्या आधीच ठरलेला असतो.

धंद्याच्या दोन विरुद्ध वाटा याच भागातून आणि एकाच वर्षी, १९४८ साली निघाल्या. सॅन बर्नार्डिनोत रिचर्ड आणि मॉरिस मॅक्डॉनल्ड या भावांनी आपलं चांगलं चालणारं हॉटेल काही महिने बंद ठेवलं. गाडीपाशी येऊन ऑर्डर घेणाऱ्या मुली बंद केल्या, मेन्यू नऊ पदार्थांवर आणला. टेनिस कोर्टावर खडूने स्वयंपाकघर आखून, माणसांना खोटंखोटं काम करायला लावून कोणी कुठे उभं राहायचं ते पक्कं केलं. हॅम्बर्गर १५ सेंटला. त्याच वर्षी बॉल्डविन पार्कला हॅरी आणि एस्थर स्नायडर या जोडप्याने इन-एन-आउट सुरू केलं. तिथे गाडीतून न उतरता स्पीकरवर ऑर्डर देता यायची.

मॅक्डॉनल्ड भावांची पद्धत मिल्कशेकची यंत्रं विकणाऱ्या रे क्रॉकने १९५५ पासून फ्रँचायझी देत देशभर नेली आणि १९६१ साली २७ लाख डॉलर देऊन सगळा धंदाच विकत घेतला. मॅक्डॉनल्ड्सचं खरं बळ सारखेपणात आहे. त्यांचा बिग मॅक हा बर्गर इतका सगळीकडे मिळतो की ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिक १९८६ पासून त्याच्या किमतीवरून देशोदेशींच्या चलनांची तुलना करतं. अनोळखी शहरात रात्री उशिरा पोचल्यावर हातात काय पडणार ते आधीच माहीत असणं किती मोलाचं असतं, ते परदेशात राहिल्यावर कळतं. मी त्याला नाक मुरडत नाही.

पण माझं मत इन-एन-आउटला. ते फ्रँचायझी देत नाहीत. दुकानात फ्रीझर नाही, मायक्रोवेव्ह नाही. पॅटी स्वतःच्या कारखान्यात बनते, आणि तिथून ताजा माल पोचेल एवढ्याच टप्प्यात नवं दुकान निघतं. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही ही चेन देशभर पसरलेली नाही. मेन्यू एवढासा: बर्गर, फ्राइज, शेक, पेयं. जाणकार मात्र ‘अ‍ॅनिमल स्टाइल’ मागतात. त्यात पॅटी मोहरीचा सॉस लावून भाजतात, वर परतलेला कांदा, लोणच्यातली काकडी आणि जास्तीचा सॉस. त्या कांद्याच्या गोडव्यावर मी फिदा आहे. फ्राइज समोर बटाटा कापून एकदाच तळलेले असतात, त्यामुळे लवकर मऊ पडतात; ‘वेल डन’, म्हणजे जास्त तळलेले, सांगायचे.

फ्राइजसाठी मी फाइव्ह गाइजला जाईन. १९८६ साली व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये निघालेली ही चेन शेंगदाण्याच्या तेलात तळते, आणि कप भरल्यावरही पिशवीत वरून आणखी फ्राइज ओततात. नुसतं ‘हॅम्बर्गर’ म्हटलंस तर दोन पॅटी येतील. एक हवी असेल तर ‘लिटल’ म्हण.

बर्गर किंगचा व्हॉपर हा बर्गर १९५७ पासूनचा. पॅटी ज्वाळेवर भाजतात, त्यामुळे धुराचा वास. काहींना तोच आवडतो. मला तव्याचीच पॅटी हवी. वेंडीजची पॅटी चौकोनी, बनच्या बाहेर कोपरे डोकावणारी.

शेक शॅकबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कात २००१ साली हॉट डॉगची एक गाडी लागली, तिचं २००४ मध्ये कायमचं दुकान झालं. तिथे मांसाचा गोळा तापल्या तव्यावर दाबून चपटा करतात. जितका जास्त भाग तव्याला टेकेल तितकी तपकिरी, कुरकुरीत खरपूस कड. भाजक्या मांसाची सगळी चव त्या कडेत असते. ही युक्ती कळल्यापासून मी कुठल्याही बर्गरची आधी कड बघतो.

आता वहिनींसाठी, कारण त्या शाकाहारी आहेत. अमेरिकेतल्या मॅक्डॉनल्ड्सचे फ्राइज त्यांना देऊ नकोस. १९९० साली कंपनीने गोमांसाची चरबी सोडून वनस्पती तेल घेतलं, पण फ्राइजमध्ये गोमांसापासूनचा स्वाद राहिला. त्यावरून हिंदू आणि शाकाहारी लोकांनी खटला भरला, आणि २००२ मध्ये कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर दिले. स्वाद आजही आहे. ब्रिटनमध्ये मात्र त्यांचे फ्राइज शाकाहारी असतात, म्हणून नाव बघून निश्चिंत व्हायचं नाही, देश बघायचा. बर्गर किंगचा इम्पॉसिबल व्हॉपर वनस्पतीजन्य आहे, पण मांसाच्याच जाळीवर भाजतात. वेगळा भाजायला सांगावं लागतं. शेक शॅकचा पोर्टोबेलो मशरूमचा, आत वितळलेलं चीज भरून तळलेला बर्गर त्यांना नक्की आवडेल. इन-एन-आउटमध्ये ‘ग्रिल्ड चीज’, म्हणजे पॅटीशिवाय नुसता चीजचा बर्गर, मागायचं, कांदा कच्चा सांगून.

आलात की आधी डाउनीला जाऊ. तिथलं मॅक्डॉनल्ड्स १९५३ पासून चालू आहे, जुन्या कमानींसकट. मग बॉल्डविन पार्क, आणि शेक शॅक दुसऱ्या दिवशी, भूक राखून. तिकिटं निघाली की तारीख कळव. वहिनींना अंडं चालतं का तेही विचारून ठेव. इन-एन-आउटच्या सॉसमध्ये असतं.

तुझा,
सुहास